फरशीखालच्या बट्ट्या

असोद्यात मोतीलाल सुरवाड्यांना एक वाक्य चुकूनही ऐकवू नये. ‘नाना, हे तुमच्यानं व्हायचं नाही.’ एवढं ऐकलं की गडी पेटलाच समजा. उभी हयात एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक म्हणून काढलेली. इंजिन खोलायचं, भरायचं, गाडी घाटात चढवून दाखवायची. रिटायर झाल्यावर हाताखाली एस.टी. येईना, म्हणून नानांनी घरातल्या वस्तू धरल्या. पंखा, मिक्सर, कुकर, शेजाऱ्यांची पाण्याची मोटर, विहारातला स्पीकर. दुरुस्त सगळं व्हायचं, त्यात खोट काढायला जागा नाही. फक्त दरवेळी दोन-चार स्क्रू उरायचे. नाना म्हणायचे, “कंपनीवाले जास्तीचेच टाकतात.” त्यांची बायको द्रौपदाबाई ते उरलेले स्क्रू एका डबीत जमा करायची आणि पाहुणे आले की डबी खळखळ वाजवून दाखवायची.

तर अशा माणसानं घराची फरशी स्वतःच्या हातानं बसवायला घेतली. हौस म्हणून नव्हे हं. गरज होती, आणि गरज लेकीची होती.

लेक प्राची, एकुलती एक, धुळ्याला दिलेली. जावई प्रशील वीज कंपनीत नोकरीला. गरीब स्वभावाचा, सांगाल ते ऐकणारा. सासू ताईबाई मात्र वेगळं प्रकरण. सरकारी दवाखान्यात नर्सची नोकरी करून रिटायर झालेली बाई. किती बाळं त्या हातांनी जगात आणली त्याला गणती नाही. आवाज असा, की वॉर्डाच्या या टोकाला बोलल्या तर त्या टोकाचा पेशंट उठून बसावा. मनानं वाईट मुळीच नाहीत, पण नजर नर्सची ती नर्सचीच. कुणाच्याही घरी गेल्या की चहाच्या आधी त्यांना मोरीतलं शेवाळ दिसतं.

दिवाळीच्या सुट्टीत प्राची माहेरी आली तेव्हा तिला तिसरा महिना होता. सोडायला ताईबाई स्वतः आल्या होत्या. नानांच्या घरात त्यांच्या वडिलांच्या वेळची शहाबादी फरशी. खाली काळी माती. पावसाळ्यात ती फुगायची, उन्हाळ्यात भेगाळायची, आणि तिच्या मर्जीनं फरश्या वरखाली व्हायच्या. घरच्यांच्या पायांना सवय होती. कुठे पाऊल उचलायचं आणि कुठे वळसा घालायचा, ते डोक्याला विचारावं लागत नव्हतं. प्राचीच्या पायांची सवय सासरी मोडलेली. दारातून हसत हसत आत आली आणि पहिल्याच फरशीला ठेचकाळली. ताईबाईंनी दंड धरला म्हणून सावरली. झालं काहीच नाही, पण सगळ्यांच्या काळजाचं पाणी झालं.

ताईबाईंनी चहा प्यायला, कप खाली ठेवला आणि सरळ विषयाला हात घातला. “भाऊ, पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत मला मान्य शे. पण या फरशीवर मी पोर पाठवणार नाही. फरशी नीट करा आणि खुशाल घेऊन जा. नाही झाली तर धुळ्यालाच करू. मी आहे ना.”

रागानं बोलल्या असत्या तर नानांनी चार शब्द सुनावले असते. पण बाई खरं बोलत होती, आणि खरं बोलणाऱ्याशी माणूस भांडणार तरी कसा?

ताईबाई प्राचीला घेऊनच परत गेल्या आणि द्रौपदाबाई चुलीपुढं जी बसली ती उठेचना. तिचं माहेर यावलचं. आई ती लहान असतानाच गेलेली. प्राचीच्या वेळी माहेर नावाला होतं, पण तिथं न्हाऊ घालायला कोण होतं? बाळंतपण सासरीच झालं. शेजारच्या बाईनं दया येऊन अंगाला तेल लावलं, आणि तेल लावतानाही ती घाईत होती, घरी तिची भाकरी राहिली होती. तेव्हापासून या बाईनं मनाशी धरलेलं होतं की माझ्या पोरीला मी माझ्या हातानं न्हाऊ-माखू घालीन, डिंकाचे लाडू खाऊ घालीन आणि चाळीस दिवस तिला ताटावरून उठू देणार नाही. आता त्या सगळ्याच्या आड एक फरशी आली होती.

“रडू नको,” नाना म्हणाले. “फरशीच हाये ना? करून टाकू.”

गावात फरशीचा भरवशाचा मिस्तरी एकच, कौतिक. पण जळगावात नव्या कॉलन्या उठत होत्या आणि कौतिकचा मुक्काम तिकडंच पडलेला. दर वेळी भेटला की म्हणे, “पुढच्या आठवड्यात बघू, नाना.” त्याचा पुढचा आठवडा काही या जन्मी उजाडेना. थंडी पडली, कापूस घरात आला, प्राचीला पाचवा लागला, तरी कौतिक आपला मोटरसायकलवरून हात हलवत पुढं. शेवटी नानांनी त्याला चौकात गाठलं. “तुले जमत नसेल तर मी बसवतो.”

कौतिक हसला. हसला तर हसला, वर बोललाही. “नाना, फरशी म्हणजे इंजिन नाही. हे तुमच्यानं व्हायचं नाही.”

बस्स! विषय संपला.

नानांनी काम सुरू केलं ते अमावास्येला, मुद्दाम. शेजारच्या म्हातारीनं कुंपणावरून विचारलं, “मोत्या, नारळ तरी फोडला का रे?” नाना म्हणाले, “नारळाची चटणी करून खाल्ली, काकू.” घरातलं सामान अंगणात आलं. कपाट, दिवाण, कणग्या, भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर धुतलेल्या चादरीत गुंडाळून पत्र्याच्या पेटीत. स्वयंपाक अंगणातल्या चुलीवर. द्रौपदाबाई म्हणाली, “आपल्या घरी आपणच पाहुणे झालो की वं माय!”

शहाबादी उखडली. खाली विंचवांचं एक भरलेलं बिऱ्हाड निघालं. नानांनी काळी माती कोरून काढली, मुरूम आणून टाकला, त्यावर पाणी मारलं आणि धुम्मस घेऊन ठोकत बसले. गावाला फुकटची करमणूक लाभली. सकाळी डेअरीवर दूध घालून परतणारा प्रत्येक जण दारात थांबून दोन मिनिटं बघायचा आणि सल्ला देऊन जायचा. एक म्हणे मुरूम कमी पडला, दुसरा म्हणे जास्त झाला. नाना दोघांनाही ‘बरोबर’ म्हणायचे आणि स्वतःच्या मनाचं करायचे. आपला हात जगन्नाथ! मुरमावर खडी-सिमेंटचा कोबा केला, तोही झकास झाला. इथपर्यंत माणसानं कुठे बोट ठेवू दिलं नाही, हे मान्य करायला हवं.

नवी फरशी घ्यायला दोघं जळगावला गेली. नानांचा डोळा आरशासारख्या चकचकीत फरशीवर. द्रौपदाबाईनं दुकानात चपला काढल्या. पिशवीतली पाण्याची बाटली उघडली, नमुन्याच्या फरशीवर पाणी ओतलं आणि त्यावर अनवाणी चालून पाहू लागली. दुकानदार प्रकाशचंदशेठ गल्ल्यावरून उठून आले. “अहो मावशी, हे काय करता?”

“माझी पोर गरोदर हाये, शेठ. तिचा पाय घसरला तर तुमी उचलायले येसान का?”

प्रकाशचंदशेठ निमूट बाजूला झाले. त्यांनी पोऱ्याला हाक न मारता स्वतःच आतून फरश्या आणून मांडल्या, आणि बाई एकेकीवर पाणी ओतून चालत गेली. शेवटी मातकट रंगाची, तळव्याला किंचित खरखरीत लागणारी तिला पसंत पडली. नानांना रंग आवडला नाही, पण त्यांना विचारलं कुणी?

आता बसवायचं. नानांचे गुरू म्हणजे मोबाइलवरचे व्हिडिओ. फोन खिडकीत उभा करायचा, एक वाक्य ऐकायचं, सिमेंटच्या बोटानं थांबवायचं, की लागले कामाला. दोन फरश्यांमध्ये सारखी फट राहावी म्हणून डेपोच्या काळातले जुने वायसर काढले आणि फटीत उभे केले. कोबा, लेव्हल, दोरी, सगळं व्यवस्थित. पहिल्या दिवशी रीतसर माल पसरून, त्यावर सिमेंटचं पाणी सोडून फरशी ठेवली. एक कोपरा खाली गेला. उचलली, माल घातला, तर दुसरा कोपरा वर आला. पुन्हा उचलली. असं करत करत दिवसभरात एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या फरश्या बसल्या आणि नाना मात्र कंबरेत कायमचे वाकले.

दुसऱ्या दिवशी त्यांना एक नवा व्हिडिओ सापडला. त्यात कुणी एक पोरगा फरशीच्या पाठीवर चार कोपऱ्यांना नि मधे एक असे मालाचे गोळे लावत होता, मग फरशी दाबत होता, आणि फरशी मुकाट्यानं लेव्हलला येत होती. नानांच्या अंगात वीज संचारली. “द्रौपदा! हे पाह्य! आपण उगाच जीव काढला.”

तो पोरगा भिंतीला फरशी लावत होता, जमिनीला नव्हे. पण एवढं बारीक कोण बघतो?

मालाचे गोळे वळायला बसली द्रौपदाबाई. आता तुम्ही खानदेशातल्या बाईच्या हाताला गोळे वळायला सांगितलं तर तो हात काय वळणार? बट्टी! वरण-बट्टीची बट्टी ती लहानपणापासून वळत आलेली. घमेल्यातला माल तिनं घट्टसर मळून घेतला, हातांना पाणी लावलं आणि एकासारखी एक बट्टी पडायला लागली. ना एक मोठी, ना एक लहान. नाना पाच बट्ट्या मांडायचे, वर फरशी ठेवून हळूच दाबायचे. फरशी पहिल्या झटक्यात लेव्हल! मधे जागा मोकळी राहतेय, हे दिसत होतं. पण त्या व्हिडिओतल्या पोराच्याही राहत होती. शिवाय बायकोचा हात इतका चालत होता आणि काम इतकं पळत होतं की थांबून विचार करणं नानांच्या जिवावर आलं.

खरं सांगायचं तर ते दिवस फार सुखाचे गेले. नोकरीत असताना नाना सकाळच्या गाडीला जायचे ते दिवे लागल्यावर यायचे. नवरा-बायकोनं एका कामाला चार हात लावले, असं लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच होत होतं. ती बट्ट्या वळता वळता सोहराची गाणी म्हणायची, म्हणजे बाळ जन्मल्यावर म्हणतात ती. ते म्हणायचे, “अजून बाळ कुठी हाये? दम धर.” ती म्हणायची, “तुमी फरशीकडे पाहा.” दुपारी आंब्याखाली बसून ठेचा-भाकर खायची आणि घराकडे बघत बसायचं. पुढची खोली झाली, मधली झाली, स्वयंपाकघर झालं. नानांनी बेअरिंगची लोखंडी गोळी आणून फरशीवर ठेवली. गोळी जागची हलली नाही. पुढच्या खोलीत ठेवली, हलली नाही. माणूस लहान पोरासारखा टाळ्या वाजवायला लागला.

एक दिवस कौतिक मिस्तरी येऊन गेला. मोटरसायकलवरून उतरलाही नाही, दारातून मान आत घातली. बराच वेळ बघत राहिला. “नाना, मानलं तुम्हाले. लेव्हल एक नंबर. फक्त खाली माल पुरा भरला ना? पोकळ नाही ना ठेवलं?”

“भरला, भरला. तू जाय, तुही गिऱ्हाइकं वाट पाहत असतीन,” नाना म्हणाले आणि लागलीच दुसऱ्या कामाला वळले.

मग नानांनी धुळ्याला फोन लावला. स्वतः, प्राचीला नाही, थेट ताईबाईंना. “विहीणबाई, फरशी झाली. या बघायला. भरीत करतो.” असोद्याची वांगी, त्याचं भरीत, आणि वर ‘बघायला या’ म्हणायचा तोरा! ताईबाई म्हणाल्या, “येते रविवारी. प्राचीलाही आणते. मनाजोगी असली तर तिथंच ठेवून जाईन, नसली तर सोबत परत आणीन. मागाहून वाईट वाटून घेऊ नका भाऊ.”

प्राचीला सातवा लागला होता. उन्हं तापायला लागलेली. रविवारी द्रौपदाबाई पहाटेच उठली आणि घर पुसून काढलं, मग पुन्हा पुसलं. गाडी दारात थांबली. प्राची उतरली आणि आईला धस्स झालं. पोट पुढं आलेलं, पण तोंड उतरलेलं, डोळ्यांखाली काळं. “झोपत नाहीस का वं?” तिनं कानात विचारलं. प्राची म्हणाली, “येत नाही गं.” धुळ्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, स्लॅब दिवसभर तापलेला, आणि ताईबाईंची माया म्हणजे घड्याळावर चालणारी. आत्ता दूध, आत्ता गोळी, आत्ता डाव्या कुशीवर हो, आत्ता बी.पी. बघू. पोरीला डोळा लागायचा आणि माया येऊन उठवायची. प्राचीची त्याबद्दल तक्रार नव्हती. सासू आपल्यासाठी राबते, हे तिला कळत होतं. पण झोप नव्हती ती नव्हतीच.

ताईबाईंनी चपला दारात काढल्या आणि आत पाऊल टाकलं. त्या चालल्या, वळल्या, पुन्हा चालल्या. खोलीच्या कडेनं गेल्या, पायाच्या अंगठ्यानं फटी चाचपल्या. मोरीजवळ तांब्याभर पाणी टाकून त्यावर उभ्या राहिल्या. आणि म्हणाल्या, “बठ्ठी, सगळीच्या सगळी, तुम्ही केली? दोघांनी?”

“दोघांनीच,” नाना म्हणाले. छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तुटायचं बाकी होतं.

“छान शे हो. खरंच छान शे.”

द्रौपदाबाईच्या डोळ्यांत पाणीच आलं. नाना इथं थांबले असते तर गोष्ट इथंच संपली असती आणि सगळं साजरं झालं असतं. पण यश माणसाला गप्प बसू देत नाही.

अंगणात वांगी भाजून झाली होती. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, सालं काढलेली, धुराच्या वासाची. आता ती ठेचायची. असोद्यात भरीत चमच्यानं कालवत नाहीत. लाकडाच्या जड बडगीत घालतात आणि मुसळीनं ठेचतात. मिरच्या, लसूण, वांगी, दणादण. हे काम अंगणातलं, मातीवरचं. द्रौपदाबाईनं बडगी अंगणात मांडलीही होती. नाना म्हणाले, “आत आना. आजचं भरीत नव्या फरशीवर.”

“काबरं आत? इथी काय वाईट हाये?”

“अगं, एस.टी. चढवली तरी काही होणार नाही या फरशीले! आना जावाई, बडगी आत आना.”

प्रशीलनं बडगी उचलून पुढच्या खोलीच्या बरोबर मधे ठेवली आणि मुसळी हातात घेतली. जावयाला सासरी पहिल्यांदाच काही काम मिळालं होतं, तेही आईसमोर आणि बायकोसमोर. त्यानं जोर लावला. दोन-तीन ठोके झाले. पुढच्या ठोक्याला बडगीखालून असा आवाज आला की अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. बडगी एका बाजूला कलली, भरीत कलंडलं, आणि नव्या मातकट फरशीवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडा गेला.

प्रशील मुसळी धरून तसाच उभा. “बाबा, मी काही...”

नानांनी बडगी सरकवली. फुटलेल्या फरशीचा तुकडा खाली गेला होता. त्यांनी तो बोटानं उचलला. खाली मधोमध एक बट्टी बसलेली, चांगली गोल, आणि तिच्या सभोवती मोकळी हवा.

“हाई काय शे?” ताईबाईंनी वाकून विचारलं.

नाना खोटं बोलू शकले असते. माल खराब निघाला, फरशी कच्ची निघाली, लोकांना सुचतं तेवढं त्यांनाही सुचलं असतं. पण बट्टी समोर दिसत होती आणि ती वळणारी बायको बाजूला उभी होती. “बट्टी हाये,” ते म्हणाले. “सिमेंटची. पूर्ण घराखाली हायेत. एकेका फरशीखाली पाच.”

ताईबाई खाली बसल्या. भरिताजवळची पळी घेऊन उलटी धरली आणि पेशंटची छाती ठोकून बघावी तशा फरश्या ठोकून बघू लागल्या. ठक, ठक, ठप. ठक, ठप, ठप. बराच वेळ त्या गंभीर होत्या. मग खांदे हलायला लागले. आधी कुणाला कळेना बाई रडते की काय. त्या हसत होत्या! “पूर्ण घरभर? बट्ट्या? अहो, वरण कुठंय मग?” आणि पदर तोंडाला लावून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. प्रशील हसला. प्राची पोट धरून हसली. अखेर नानाही हसले, पण त्यांचा चेहरा हसण्याआधीच पडलेला होता.

द्रौपदाबाई मात्र हसली नाही. ती सांडलेलं भरीत गोळा करत होती. “हसा,” ती म्हणाली. “हसा बठ्ठे. माझी पोर गेली ना परत. हात दाखवून अवलक्षण केलं यायनी, आनि मी बट्ट्या वळत बसली. शहाणी मी!” मग कुणीच हसलं नाही.

बडगीत उरलेलं भरीत वाढलं गेलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, कांद्याची पात, शेंगदाण्याची चटणी. ताईबाई दोनदा मागून जेवल्या, पण फरशीविषयी एक शब्द नाही. जेवण झाल्यावर म्हणाल्या, “अंधार पडायच्या आत निघू. रस्त्यात पोरीला त्रास नको.” म्हणजे निकाल लागला, हे सगळ्यांना समजलं. द्रौपदाबाईनं प्राचीसाठी केलेले लाडू डब्यात भरायला घेतले. डब्याचं झाकण तिला लागेना. नाना अंगणात जाऊन उगाच चुलीतली राख ढवळत बसले. एवढ्या वर्षांत गाडी बंद पडून प्रवासी रस्त्यावर बसले, साहेबांची बोलणी खाल्ली, पण इतकं लाजल्यासारखं त्यांना कधी झालं नव्हतं. स्वतःच्या पोरीला घरी ठेवायची होती, आणि तेवढी एक गोष्ट हातून झाली नाही.

प्रशीलनं गाडी वळवून दारात आणली. “प्राची कुठंय?”

प्राची मधल्या खोलीत होती. जेवण झाल्यावर ‘जरा पाठ टेकते’ म्हणून गेली होती. दिवाण होता, त्यावर गादी होती, पण ती खाली नव्या फरशीवरच आडवी झालेली. एक हात उशाला, गाल थेट फरशीला, डाव्या कुशीवर, तोंड किंचित उघडं. आणि घोरत होती. आपली प्राची घोरते, हे प्रशीललाही त्या दिवशीच समजलं.

“उठवू का?” त्यानं आईला विचारलं.

ताईबाई दारात उभ्या होत्या. नर्स होत्या त्या. झोपेचा श्वास आणि डोळे मिटून पडलेल्याचा श्वास त्यांना दुरूनही वेगळा कळायचा. त्यांनी नाही अशी मान हलवली. “तिले उठाडू नका.”

“पण अंधार पडेल म्हणालीस ना...”

“पडू दे.” त्या पुढं गेल्या, सुनेजवळ उकिडव्या बसल्या, सवयीनं तिच्या मनगटाकडं हात नेला आणि मधेच थांबवला. “महिना झाला ही पोर झोपली नाही प्रशील. मी दूध दिलं, गोळी दिली, पंखा वाढवला. माझ्याकडं ती पेशंट होऊन राहिली रे. मीच केली तिला पेशंट.” आवाज त्यांनी इतका खाली आणला होता की ही तीच बाई का, असं वाटावं.

द्रौपदाबाई चादर घेऊन आली. “गार लागीन तिले,” ती पुटपुटली आणि ताईबाईंकडं न बघताच लेकीच्या अंगावर चादर घालायला लागली. ताईबाईंनी चादरीचं दुसरं टोक धरलं. दोघींनी मिळून ती पायांपर्यंत ओढली.

नाना उंबऱ्यापाशी उभे होते. राखेचे हात तसेच. “विहीणबाई, मी पूर्ण फरशी उखडतो. पुन्हा बसवतो. रीतसर, माल भरून. कौतिकले बसवून घेतो समोर. तवर तुमी म्हणसान तसं. घेऊन जायचं तर...”

“तिच्या चालण्यानं फुटणार शे का ती?” ताईबाईंनी विचारलं.

“चालल्यानं? नाही, नाही. ठोकलं तरच.”

“मग भरीत बाहेर ठेचा.” त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. “आणि एकेक खोली घ्या दुरुस्तीला. ती एका खोलीत, तुमचं काम दुसऱ्या खोलीत. तिचा डोळा लागलेला असेल तेव्हा हातोडा धरायचा नाही. गोळ्या कधी द्यायच्या ते मी द्रौपदाताईंना सांगून जाते. कपडे प्रशील उद्या आणून देईल.”

नानांनी राखेचे हात जोडले आणि ते “जय भीम, ताई” एवढंच म्हणाले. ताईबाईंनी त्यांना चहाचं सांगितलं नाही, पाणीही मागितलं नाही. लाडवांचा डबा मात्र उघडून एक लाडू तोंडात टाकला आणि चपला घालून निघाल्या.

गाडी गेली. ऊन आंब्यामागं गेलं. द्रौपदाबाई लेकीच्या डोक्याशी भिंतीला टेकून बसून होती, नाना दारात. दोघांनीही दिवा लावला नाही, खटका वाजेल म्हणून.

बऱ्याच वेळानं प्राचीनं डोळे उघडले. आधी छताकडं बघितलं, मग आईकडं. “गाडी?”

“गेली,” आई म्हणाली.

“सासूबाई गेल्या? आणि मी?”

“तू इथीच.”

प्राचीनं थोडा वेळ आईच्या तोंडाकडं बघितलं. मग पोटाखाली हात धरून सावकाश कूस बदलली, गाल पुन्हा फरशीला लावला आणि झोपली.